लिमिट वाढवलं, तरी ‘टू मेनी ओपन फाइल्स’ का येतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे मधूनच वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. उबुंटू लिनक्सच्या सर्व्हरवर पायथनची एक सर्व्हिस गनिकॉर्न या अ‍ॅप-सर्व्हरखाली चालते, पुढे एनजिन्क्स हा वेब सर्व्हर आहे. दर दोनेक दिवसांनी लॉगमध्ये ‘टू मेनी ओपन फाइल्स’ हा २४ नंबरचा एरर येतो आणि सर्व्हिस बसते. तुम्ही /इटीसी/सिक्युरिटी/लिमिट्स.कॉन्फ या फाइलमध्ये उघड्या फाइलींचं लिमिट ६५,५३५ लिहिलं, सर्व्हर रीबूट केला, एसएसएचने आत जाऊन ‘यूलिमिट -एन’ ही लिमिट दाखवणारी आज्ञा चालवली, तिथे ६५,५३५ दिसतंय. एरर मात्र जसाच्या तसा. आता कुणीतरी ‘सरळ अनलिमिटेड करून टाका’ असं सुचवलंय. करावं का?

करू नका. तुमच्याकडे दोन वेगळे घोटाळे एकात एक अडकलेत. पहिला असा की तुमच्या सर्व्हिसला ६५,५३५ कधी मिळालेलंच नाही. ती जवळजवळ नक्की १०२४ वरच चालते आहे. दुसरा असा की दोन दिवसांत १०२४ भरतात आणि रीस्टार्ट केलं की पुन्हा शून्यापासून सुरुवात होते, याचा अर्थ काहीतरी उघडलं जातंय आणि बंद होत नाही. तुम्ही खरोखर ६५,५३५ दिलंत तर जागा ६४ पट होईल. गळती त्याच वेगाने चालू राहिली तर दोन दिवसांच्या जागी सुमारे चार महिने लागतील, आणि तेव्हा हा विषय कुणाच्या डोक्यातही नसेल. म्हणून लिमिट आणि गळती, दोन्हींकडे बघू. लिमिटचा भाग सोपा आहे. गळतीला वेळ द्यावा लागेल.

आधी हे लिमिट नेमकं कशाचं, ते बघा. नावात ‘फाइल’ असली तरी मोजले जातात ते फाइल डिस्क्रिप्टर. देवळाबाहेर चपला ठेवल्या की जसा नंबराचा बिल्ला हातात मिळतो, तसा प्रोसेसने, म्हणजे चालू प्रोग्रॅमने, काहीही उघडलं की कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) तिला एक नंबर देतो, आणि दर वेळी रिकाम्यांतला सगळ्यात लहान नंबर देतो. ०, १ आणि २ हे इनपुट, आउटपुट आणि एररसाठी आधीच गेलेले असतात. डिस्कवरची फाइल उघडली, एक नंबर. नेटवर्कचं कनेक्शन, एक नंबर. पाइप, दोन नंबर, कारण त्याला दोन टोकं. ईपोल (अनेक कनेक्शनांवर लक्ष ठेवणारी सोय), टायमर, इव्हेंट, आयनोटिफाय, टर्मिनल, सगळ्यांना नंबर लागतो. तेव्हा ‘माझी सर्व्हिस तर चारच फाइल उघडते’ या वाक्याला काही अर्थ नाही. वेब सर्व्हिसमध्ये बहुतेक डिस्क्रिप्टर सॉकेटचे, म्हणजे नेटवर्क कनेक्शनांच्या टोकांचे, असतात.

आणि हे लिमिट प्रोसेसचं असतं. लिमिट्स.कॉन्फमध्ये युजरचं नाव लिहायचं असल्यामुळे अनेकांना वाटतं की त्या युजरच्या सगळ्या प्रोसेसची मिळून ही मर्यादा आहे. तसं नाही. गनिकॉर्नचे आठ वर्कर (रिक्वेस्ट हाताळणाऱ्या प्रोसेस) असतील तर प्रत्येकाला स्वतंत्र १०२४ मिळतात. एका प्रोसेसमधले थ्रेड मात्र सगळे एकाच तक्त्यातून नंबर घेतात. लिमिटचा आकडा म्हणजे मिळू शकणाऱ्या सर्वांत मोठ्या नंबरापेक्षा एक जास्त. १०२४ असेल तर शेवटचा नंबर १०२३.

आता तुमचे ६५,५३५ कुठे अडकले? लिमिट आईकडून मुलाकडे जातं. प्रोसेस दुसरी प्रोसेस तयार करते तेव्हा आपलं लिमिट तिला जसंच्या तसं देते, आणि नंतर आईचं बदललं तरी मुलाचं बदलत नाही. लिमिट्स.कॉन्फ ही फाइल कर्नल वाचत नाही. ती वाचतं पॅमचं, म्हणजे लॉगिन सांभाळणाऱ्या यंत्रणेचं, एक मॉड्यूल, आणि तेही लॉगिन होताना. तुम्ही एसएसएचने आत आलात, पॅमने फाइल वाचली, तुमच्या शेलला ६५,५३५ दिले, आणि त्या शेलमधून जे काही सुरू कराल त्याला तेवढेच मिळतील. तुमची सर्व्हिस मात्र सिस्टमडी, म्हणजे सर्व्हरवरच्या सर्व्हिस चालवणारा प्रोग्रॅम, सुरू करतो. तिथे लॉगिन होत नाही, सर्व्हिसच्या युनिट फाइलमध्ये (सिस्टमडीसाठीच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) पॅमचं नाव मुद्दाम लिहिलेलं नसेल तर पॅम मध्ये येतच नाही. म्हणजे तुम्ही यूलिमिट चालवून स्वतःच्या शेलचं लिमिट बघितलंत. सर्व्हिसचं बघितलंच नाहीत. या विषयावर माझ्याकडे जितके प्रश्न येतात, त्यातले बहुतेक इथेच अडकलेले असतात, आणि यात विचारणाऱ्याचा दोष कमी आहे. इंटरनेटवर सगळीकडे लिमिट्स.कॉन्फचाच सल्ला फिरतो. लोक सर्व्हर लॉगिन करून हाताने सुरू करायचे तेव्हा तो बरोबरही होता.

सर्व्हिसचं खरं लिमिट बघायचं असेल तर प्रोसेसलाच विचारा. गनिकॉर्नच्या एखाद्या वर्करचा पीआयडी (प्रोसेसचा नंबर) घ्या, समजा ४३२१ आहे, आणि /प्रोक/४३२१/लिमिट्स ही फाइल वाचा. ‘मॅक्स ओपन फाइल्स’ नावाची ओळ सापडेल. तुमच्याकडे तिथे बहुधा दोन आकडे दिसतील: १०२४ आणि ५,२४,२८८. पहिलं सॉफ्ट लिमिट, दुसरं हार्ड लिमिट. कर्नल अडवतो ते सॉफ्ट लिमिटवर. हार्ड लिमिट म्हणजे ती प्रोसेस स्वतः होऊन सॉफ्ट कुठपर्यंत नेऊ शकते त्याची हद्द. साध्या युजरला हार्ड लिमिट कमी करता येतं, परत वाढवता येत नाही. ते काम रूटचं, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या युजरचं.

इथे एक सापळा आहे. बॅशमध्ये ‘यूलिमिट -एन’ला आकडा दिला आणि सॉफ्ट की हार्ड ते सांगितलं नाही, तर दोन्ही एकदम बदलतात. कुणी एखाद्या स्टार्टअप स्क्रिप्टमध्ये निष्पापपणे १०२४ लिहून ठेवलेलं असतं, आणि तिथून पुढे सुरू झालेल्या प्रोसेसला वर जाण्याची वाटच उरत नाही. सॉफ्टपुरतंच बदलायचं असेल तर ‘-एस’ हा पर्याय लावायची सवय ठेवा.

युनिटमध्ये लिमिट द्यायचं काम दोन मिनिटांचं. ‘सिस्टमसीटीएल एडिट’ने त्या सर्व्हिसची जोडफाइल उघडा, सर्व्हिस विभागात ‘लिमिट-एनओ-फाइल’ हा पर्याय (लिहिताना सलग, मध्ये जागा किंवा रेघ न देता) बरोबर-चिन्ह देऊन आकड्यासह लिहा, सेव्ह करा आणि सर्व्हिस रीस्टार्ट करा. एकच आकडा लिहिलात तर सॉफ्ट आणि हार्ड दोन्ही तेवढेच होतात. दोन वेगळे हवे असतील तर मध्ये अपूर्णविराम. रीस्टार्टनंतर पुन्हा /प्रोक मधली ती ओळ वाचा. हा शेवटचा टप्पा गाळू नका.

भर दुपारी सर्व्हिस भरत आली असेल आणि रीस्टार्ट करणं शक्य नसेल, तर ‘पीआरलिमिट’ नावाची आज्ञा आहे. चालू प्रोसेसचं लिमिट ती जागच्या जागी बदलते. गनिकॉर्नच्या बाबतीत लक्षात ठेवा की मास्टरचं बदलून आधीच सुरू असलेल्या वर्करना काही मिळत नाही. प्रत्येक वर्करचा पीआयडी देऊन वेगळी आज्ञा चालवावी लागेल. शिवाय काही प्रोग्रॅम सुरू होतानाच लिमिट वाचून आपले तक्ते त्या मापाचे करून ठेवतात. मायएसक्यूएल हा डेटाबेस त्यातला. अशांना नंतर वाढवून दिलेलं कळत नाही.

१०२४ हाच आकडा का?

हे समजलं की ‘अनलिमिटेड’चा मोह आपोआप कमी होतो, म्हणून इथे जरा थांबतो.

सुरुवातीच्या युनिक्समध्ये आकडे फारच लहान होते. १९७५ च्या सहाव्या आवृत्तीत एका प्रोसेसला १५ फाइल, १९७९ च्या सातव्या आवृत्तीत २०. पॉझिक्स या युनिक्ससारख्या यंत्रणांच्या प्रमाणानुसार प्रत्येक यंत्रणेने किमान द्यायलाच हवेत असे डिस्क्रिप्टर आजही २० च आहेत. पुढे १९८३ मध्ये ४.२ बीएसडी आलं आणि त्यासोबत सॉकेट आणि सिलेक्ट. एका प्रोसेसने अनेक कनेक्शनांवर एकाच वेळी लक्ष ठेवायचं, तर कोणत्या डिस्क्रिप्टरवर काही आलंय ते विचारायला सिलेक्ट. त्याला डिस्क्रिप्टरांची यादी द्यायची ती बिटांच्या पट्टीच्या रूपात: पाचव्या नंबरावर लक्ष ठेवायचं असेल तर पाचवा बिट चालू. लिनक्सवर सी लायब्ररीत ही पट्टी १०२४ बिटांची, म्हणजे १२८ बाइटची, ठरलेली आहे.

आता एखाद्या जुन्या प्रोग्रॅमला सॉफ्ट लिमिट ६५,५३५ दिलं आणि त्याला एक दिवस १०२४ नंबरचा डिस्क्रिप्टर मिळाला, तर तो त्या पट्टीत नसलेला बिट चालू करायला जातो. म्हणजे पट्टीच्या पुढे मेमरीत जे काही असेल त्याच्यावर लिहितो. एरर येत नाही, लॉगमध्ये ओळ पडत नाही. कधी प्रोग्रॅम कोसळतो, कधी चुकीचं उत्तर देऊन चालत राहतो. बचावाचे पर्याय लावून कंपाइल केलेला असेल तर ‘बफर ओव्हरफ्लो’ म्हणत लगेच थांबतो, आणि तेच बरं. पायथनचं सिलेक्ट या बाबतीत सभ्य आहे. डिस्क्रिप्टर हद्दीबाहेर आहे असं सांगून व्हॅल्यू-एरर देतं. तुमच्या सर्व्हिसमध्ये एखादी जुनी लायब्ररी आतून सिलेक्ट वापरत असेल, तर लिमिट वाढवल्यावर तुम्हाला जुन्याऐवजी हा नवा एरर दिसेल.

म्हणूनच सिस्टमडीच्या २४० व्या आवृत्तीत, डिसेंबर २०१८ मध्ये, हार्ड लिमिट ५,२४,२८८ वर नेलं, पण सॉफ्ट मुद्दाम १०२४ वरच ठेवलं. विचार सरळ आहे: ज्याला जास्त लागतात आणि जो सिलेक्ट वापरत नाही, त्याने सुरू होताना आपलं सॉफ्ट लिमिट स्वतः हार्डपर्यंत वाढवून घ्यावं. जावाचं हॉटस्पॉट व्हीएम तसं करतं, नोड करतं, गो भाषेत २०२२ च्या १.१९ आवृत्तीपासून तसं होतं. पायथन करत नाही. त्यामुळे त्याच सर्व्हरवर शेजारची जावाची सर्व्हिस निवांत चालते आणि तुमची अडते, असं दिसू शकतं. मला हा निर्णय फार योग्य वाटतो. वाढीव जागा मागणाऱ्याला मिळते, आणि न मागणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमच्या मेमरीला धक्का लागत नाही.

‘अनलिमिटेड’ का नको

लिनक्सवर डिस्क्रिप्टरच्या बाबतीत अमर्याद असं काही नसतंच. ‘एनआर-ओपन’ नावाची एक कर्नल सेटिंग आहे, मूळ किंमत १०,४८,५७६. त्यापलीकडे रूटलाही जाता येत नाही. लिमिट्स.कॉन्फमध्ये त्याहून मोठा आकडा लिहिलात, आणि जुन्या पॅमवर नुसतं ‘अनलिमिटेड’ लिहिलंत तरी, लॉगिन होताना पॅम ते लिमिट लावायला जातं, कर्नल नकार देतो, आणि सेशनच उघडत नाही. एसएसएच बंद, बऱ्याचदा सुडोही (रूटच्या हक्काने आज्ञा चालवण्याची सोय) बंद. दूरच्या डेटा सेंटरमधल्या सर्व्हरवर हे झालं की रात्र जाते. या फाइलला हात लावायचाच असेल तर रूटचं एक सेशन उघडं ठेवा, दुसऱ्या खिडकीतून नवं लॉगिन होतंय ना ते बघा, मगच पहिलं बंद करा. आणि हो, त्या फाइलमधली तारांकनाची, म्हणजे सगळ्या युजरसाठीची, ओळ रूटला लागू होत नाही; रूटसाठी वेगळी ओळ लागते.

कंटेनरमध्ये वेगळंच घडतं. कंटेनर म्हणजे बाकीच्या यंत्रणेपासून वेगळी ठेवून चालवलेली सर्व्हिस; ती चालवणाऱ्या डॉकर आणि कंटेनरडीच्या युनिट फाइलमध्ये बराच काळ हे लिमिट ‘इन्फिनिटी’ असं लिहिलेलं होतं. आधी त्याचा अर्थ १०,४८,५७६ व्हायचा. सिस्टमडी २४० पासून बूट होताना एनआर-ओपनच कमालीचा वर जाऊ लागला, आणि तोच ‘इन्फिनिटी’ काही डिस्ट्रोंवर (लिनक्सच्या प्रकारांवर) १,०७,३७,४१,८१६ झाला. शंभर कोटींच्या वर. आता जुन्या प्रोग्रॅमांची एक रीत आहे: मूल प्रोसेस सुरू करण्याआधी ३ पासून लिमिटपर्यंतचे सगळे नंबर एकेक करून बंद करायचे, उघडे असोत वा नसोत. १०२४ असताना हे डोळ्याची पापणी लवायच्या आत व्हायचं. शंभर कोटी वेळा करायला लागल्यावर तोच प्रोग्रॅम सीपीयू खात मिनिटेच्या मिनिटे गप्प बसतो. पायथन २ चं सबप्रोसेस मॉड्यूल असंच वागायचं, आणि कंटेनरमध्ये पॅकेज बसवणं अचानक का रखडलं ते लोकांना कळेना. मायएसक्यूएलच्या जुन्या आवृत्त्या तर लिमिटच्या मापाने मेमरी मागून बसायच्या. रिकाम्या डेटाबेसने अनेक जीबी गिळल्याच्या तक्रारी यातूनच आल्या. २०२० मध्ये लिनक्स ५.९ मध्ये ‘क्लोज-रेंज’ ही सिस्टम कॉल आली, तिने असे सगळे नंबर एका फटक्यात बंद करता येतात. पण ती वापरायला प्रोग्रॅमही नवा लागतो. कंटेनर चालवताना ‘यूलिमिट’चा पर्याय देऊन ठरावीक आकडा द्या, हाच माझा सल्ला.

गळती कुठे आहे

आता मूळ दुखणं. पुन्हा त्याच वर्करकडे जा आणि /प्रोक/४३२१/एफडी या डिरेक्टरीची लांबलचक यादी काढा. तुम्ही रूट असायला हवं किंवा सर्व्हिस ज्या युजरखाली चालते तो युजर. प्रत्येक डिस्क्रिप्टरसाठी एक ओळ येते आणि बाणापुढे तो कशाचा आहे ते लिहिलेलं असतं. सुरुवातीला ० हा डेव्ह-नलचा (काहीच न साठवणारी रिकामी फाइल), १ आणि २ हे सिस्टमडीच्या जर्नलचे (लॉगचे) सॉकेट, मग एखादी लॉग फाइल, ज्या सॉकेटवर सर्व्हिस ऐकते तो, एखादा ईपोल. आणि त्याखाली, गळती असेल तर, एकसारख्या ओळींची रांगच्या रांग. प्रोसेस भरून गेली असली तरी ही यादी निघते, कारण ती वाचायला तुमच्या शेलचे डिस्क्रिप्टर लागतात, तिचे नाहीत.

इथे एलएसओएफ ही उघड्या फाइलींची यादी देणारी आज्ञा चालवून ओळी मोजू नका. त्या यादीत चालू डिरेक्टरी, प्रोग्रॅमची स्वतःची फाइल आणि मेमरीत चढवलेल्या सगळ्या लायब्रऱ्याही येतात. त्यांना डिस्क्रिप्टर लागत नाही. थ्रेड धरून मोजणारी यादी असेल तर एकच फाइल प्रत्येक थ्रेडच्या नावे पुन्हा पुन्हा येते. ‘सर्व्हरवर दीड लाख फाइल उघड्या आहेत’ असं घाबरून सांगणारे लोक बहुतेक वेळा ही यादी मोजून आलेले असतात.

यादीतल्या ओळी प्रकारानुसार मोजल्या की आजार दिसायला लागतो. एकच लॉग फाइल शेकडो वेळा उघडलेली असेल तर कुठेतरी प्रत्येक रिक्वेस्टला नवा लॉगिंग हँडलर जोडला जातोय. पाइपच पाइप असतील तर सबप्रोसेस सुरू करून त्यांचे निकाल वाचून संपवले जात नाहीयेत. ईपोलच्या ओळी वाढत असतील तर इव्हेंट लूप पुन्हा पुन्हा बनवला जातोय. ओळीच्या शेवटी ‘डिलीटेड’ असेल तर फाइल पुसली गेली पण हिने धरून ठेवलीय. तिथे डिस्कची जागाही अडकलेली असते.

सॉकेट जास्त असतील, आणि तुमच्याकडे तेच निघतील असा माझा अंदाज आहे, तर सॉकेटांची यादी देणारी ‘एसएस’ ही आज्ञा टीसीपी आणि प्रोसेस दाखवण्याच्या पर्यायांसह चालवा आणि स्थितीचा रकाना बघा. ‘एस्टॅब्लिश्ड’ असतील आणि सगळे डेटाबेसच्या पोर्टकडे जात असतील, तर कनेक्शन पूल (पुन्हा वापरायला उघडी ठेवलेली कनेक्शन) गरजेपेक्षा मोठा ठेवलाय किंवा प्रत्येक ठिकाणी नवा पूल बनतोय. ‘क्लोज-वेट’ असतील तर शंकेला जागा नाही. त्या स्थितीचा अर्थ ठरलेला आहे: समोरच्याने कनेक्शन बंद केलं, आपल्या कर्नलने ते मान्य केलं, आणि आपल्या प्रोग्रॅमने अजून क्लोज म्हटलेलं नाही. कर्नल त्याची अनंतकाळ वाट बघतो. कुठलीही टीसीपी सेटिंग बदलून हे जात नाही. कोडमध्येच जावं लागतं.

पायथनमध्ये एक नमुना मी वारंवार बघतो. रिक्वेस्ट्स या वेबवरच्या सेवांशी बोलणाऱ्या लायब्ररीचं सेशन कनेक्शन पुन्हा वापरता यावीत म्हणून ती आत धरून ठेवतं. न सांगता एका यजमानासाठी १० पर्यंत. एकच सेशन सगळ्यांनी वापरलं तर ही सोय फार चांगली. एका कंपनीच्या सर्व्हिसमध्ये मात्र प्रत्येक ग्राहकासाठी वेगळं सेशन तयार करून एका ग्लोबल डिक्शनरीत ठेवलेलं होतं, ग्राहकाचा आयडी हीच किल्ली. नवा ग्राहक आला की नवं सेशन, त्यात एक उघडं कनेक्शन. पलीकडचा सर्व्हर काही सेकंद वाट बघून आपलं टोक बंद करायचा. इकडे ते सेशन पुन्हा कुणी वापरेपर्यंत क्लोज-वेटमध्ये पडून राहायचं, आणि जो ग्राहक महिन्यातून एकदा येतो त्याचं तर महिनाभर. कोड वाचताना कुठेही ‘इथे क्लोज राहिलं’ असं बोट ठेवता येत नव्हतं, म्हणून चार लोकांनी वाचूनही सापडलं नव्हतं. एफडीच्या यादीत सॉकेटच सॉकेट, एसएसमध्ये सगळे एकाच पत्त्याकडे क्लोज-वेटमध्ये. मग कोडमध्ये त्या पत्त्याशी बोलणारी जागा एकच होती. तुमच्याकडे अशी डिक्शनरी आहे का बघा. रिस्पॉन्स स्ट्रीम करून घेतलाय आणि तो ऑब्जेक्ट कुठल्या तरी यादीत राहून गेलाय, हाही नेहमीचा प्रकार.

गळती सापडेपर्यंत सर्व्हिस तर चालली पाहिजे. गनिकॉर्नमध्ये ‘मॅक्स रिक्वेस्ट्स’ची सेटिंग आहे: ठरावीक रिक्वेस्टांनंतर वर्कर संपतो आणि नवा येतो. प्रोसेस गेली की तिचे सगळे डिस्क्रिप्टर कर्नल बंद करतो. सोबत जिटरही (प्रत्येक वर्करच्या आकड्यात थोडा फरक) द्या, नाहीतर सगळे वर्कर एकाच वेळी जातील. हा उपाय नाही, उसंत आहे, पण तोवर रात्री झोप लागते.

भरल्यावर दिसणारी फसवी लक्षणं

प्रोसेस भरली की नेहमी ‘टू मेनी ओपन फाइल्स’च दिसेल असं नाही. नाव शोधायला, म्हणजे डीएनएसला, सॉकेट लागतं. ते मिळालं नाही की ‘होस्टचं नाव सापडत नाही’ छापाचा एरर येतो आणि लोक नेटवर्कवाल्यांना फोन करतात. सर्टिफिकेटची फाइल उघडली नाही की टीएलएसचा एरर येतो. पायथनचं एखादं मॉड्यूल उशिरा इंपोर्ट होत असेल तर इंपोर्टच फसतो. एकाच मिनिटात तीन वेगळ्या जातींचे एरर आले की मी आधी डिस्क्रिप्टर मोजतो.

सीपीयूही अचानक १०० टक्क्यांवर जाऊ शकतो. नवं कनेक्शन दारात उभं असतं, अ‍ॅक्सेप्ट करायला डिस्क्रिप्टर नाही, कॉल फसतो. कनेक्शन रांगेतच राहतं. ईपोल लगेच पुन्हा सांगतो की दारात कुणी आहे. पुन्हा प्रयत्न, पुन्हा अपयश, आणि प्रत्येक वेळी लॉगमध्ये एक ओळ, ज्यामुळे डिस्क भरते ती वेगळीच. सर्व्हर लिहिणारे जाणकार यासाठी एक जास्तीचा डिस्क्रिप्टर डेव्ह-नलवर उघडून ठेवतात. अडचण आली की तो सोडायचा, कनेक्शन घ्यायचं, लगेच बंद करायचं आणि तो परत उघडायचा. समोरच्याला निदान नकार तरी कळतो.

२४ ऐवजी २३ नंबरचा एरर आला तर तो पूर्ण यंत्रणेच्या मर्यादेचा. /प्रोक/सिस/एफएस खालच्या ‘फाइल-एनआर’मध्ये पहिला आकडा सध्या वापरातल्यांचा, तिसरा कमाल मर्यादेचा. आजच्या सिस्टमडीवाल्या सर्व्हरवर ही कमाल इतकी मोठी असते की हा एरर क्वचितच दिसतो.

आयनोटिफायची गंमत मात्र अनेकांना दमवते. फाइलमधल्या बदलांवर लक्ष ठेवणाऱ्या या सोयीची युजरमागे वेगळी मर्यादा असते, मूळची १२८ इन्स्टन्स. ती संपली तरी एरर तोच, ‘टू मेनी ओपन फाइल्स’, आणि इकडे डिस्क्रिप्टर मोजावे तर पन्नासही नसतात. एका युजरने एकूण किती जागांवर लक्ष ठेवायचं त्याची मर्यादा संपली, तर एरर येतो ‘डिव्हाइसवर जागा नाही’ असा, आणि डिस्क अर्धी रिकामी असते. एका मशीनवर बरेच कंटेनर चालत असतील तर हे आधी तपासा.

एनजिन्क्सकडेही एक नजर टाका. प्रॉक्सी म्हणून चालताना प्रत्येक ग्राहकामागे त्याला दोन डिस्क्रिप्टर लागतात, एक ग्राहकाकडचा आणि एक तुमच्या सर्व्हिसकडचा. वर्कर कनेक्शनांचा आकडा वाढवलात आणि ‘वर्कर-आरलिमिट-नोफाइल’ तसाच ठेवलात, तर तो सुरू होताना इशारा देतो, तो वाचा. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये एका प्रोसेसने किती फाइल धरायच्या त्याची सेटिंग मुळात १००० आहे आणि प्रत्येक कनेक्शन म्हणजे एक प्रोसेस, तेव्हा तिथे गुणाकार करून बघावा लागतो. लिमिट ६५,५३५ पेक्षा कमी असेल तर इलॅस्टिकसर्च हे सर्च इंजिन प्रॉडक्शनमध्ये सुरूच होत नाही. अशांना त्यांनी मागितलेलं द्या, त्यात वाद नको.

टीममध्ये कुणी मॅकवर काम करत असेल तर तिथे टर्मिनलमध्ये सॉफ्ट लिमिट मुळात २५६ असतं, त्यामुळे टेस्ट त्यांच्याकडे फसतात आणि सर्व्हरवर चालतात. फ्रीबीएसडी आणि ओपनबीएसडीवर ही लिमिटं लॉगिन.कॉन्फमधल्या क्लासनुसार मिळतात.

तुमच्या सर्व्हिससाठी आकडा विचारलात तर: एका वर्करकडे गर्दीच्या वेळी एकाच क्षणी किती कनेक्शन असतात ते मोजा, त्यात डेटाबेसचा पूल आणि बाहेरच्या सेवांची कनेक्शन मिळवा, आणि जे येईल त्याच्या चौपट ठेवा. बहुतेक पायथन सर्व्हिसना सॉफ्ट ४,०९६ किंवा ८,१९२ पुष्कळ होतात. हार्ड ५,२४,२८८ आहे तसंच राहू द्या. लिमिट माफक असलं की गळती लवकर उघडी पडते, मला ते जास्त पसंत आहे. दर मिनिटाला प्रत्येक वर्करच्या एफडी डिरेक्टरीतल्या नोंदी मोजून आलेखात टाका, आणि लिमिटच्या ७० टक्क्यांवर इशारा लावा. प्रोमिथियस या देखरेखीच्या साधनाची पायथन लायब्ररी उघड्या डिस्क्रिप्टरांचा आकडा देते, पण गनिकॉर्नसाठी लागणाऱ्या मल्टिप्रोसेस मोडमध्ये तो मिळत नाही, म्हणून छोटी स्क्रिप्ट लिहिणंच बरं. आलेख गर्दीबरोबर चढून उतरत असेल तर लिमिट वाढवा. रात्री गर्दी ओसरल्यावरही तो खाली येत नसेल तर गळती आहे, मग आकडा कितीही करा.

पुढच्या वेळी एरर आला की लगेच रीस्टार्ट करू नका, पुरावा त्यातच जातो. एक वर्कर निवडा, त्याच्या एफडी डिरेक्टरीची पूर्ण यादी फाइलमध्ये घ्या, त्याच पीआयडीचं एसएसचं आउटपुट घ्या, लिमिट्सची ओळ घ्या. या तिन्हींना अर्धा मिनिट लागतो. मग रीस्टार्ट करा, आणि एसएसमध्ये सगळ्यात जास्त वेळा आलेला समोरचा पत्ता आणि पोर्ट कोणता ते मला कळवा. बाकीचं तिथून पुढे बघू.